बोधी, उभी राहा

पौडच्या बाजारपेठेत रक्त तपासणीची एक छोटी लॅब आहे. नम्रता तिथे सकाळी सात ते दोन काम करते, चौदा वर्षं झाली. सुई टोचायच्या आधी माणसाला बोलतं करायचं ही तिची पद्धत. कुठल्या गावचे, बरोबर कोण आलंय, पोरं काय करतात. माणूस उत्तर देत असतो तोवर बाटली भरलेली असते. या खुर्चीवर बसून लोकांनी तिला काय काय सांगितलं आहे! त्यातूनच आपण लिहायला लागलो असं ती शाळांमधल्या कार्यक्रमांत सांगते, आणि मुलं हसतात.

गेल्या जानेवारीत, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तिची पहिली कादंबरी आली. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली, दीडशे पानांची, 'भिंतीवरचा चौकोन' नावाची. पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकाने काढली. प्रकाशक म्हणाला, दुकानात हे पुस्तक कोणी मागायला येणार नाही, तुम्हीच मुलांपर्यंत जा. मग ती जाऊ लागली. दोनला लॅबमधून सुटायचं, डबा खायचा, साडी नीट करायची आणि तीनच्या तासाला कुठल्यातरी शाळेत उभं राहायचं. नवरा प्रदीप एसटीत कंडक्टर. त्याची सुट्टी असली की पुस्तकांची पिशवी तो धरायचा आणि मुलांना रांगेत उभं करायचा. "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय," असं तो सवयीने म्हणायचा.

नम्रता वाचते मात्र खरंच सुंदर. ते तिला कोणी शिकवलं नाही. तिच्या माहेरी, माणच्या बुद्धविहारात पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज ग्रंथवाचन असतं. बाया पांढऱ्या साड्या नेसून बसतात, एकजण वाचतं, बाकीचे ऐकतात. नम्रता सहावीत असल्यापासून वाचायची. तिची आई गोजराबाई पहिल्या ओळीत बसायची. गोजराबाईला अक्षर येत नाही. लेकीचं वाचणं तिला समजलं नाही की ती तिथूनच म्हणायची, "परत वाच." त्यामुळे वाक्य कुठे तोडायचं, कुठे थांबायचं, हे नम्रताच्या अंगात मुरलं.

वाचन संपलं की वाचणाऱ्याचं एक काम राहायचं. त्या दिवशीची खीर कोणाच्या घरून आली ते सांगायचं. "आजचं खीरदान अमुक अमुक यांच्याकडून." मग त्या घरचं माणूस उभं राहायचं, हात जोडायचं, आणि सगळे तीनदा साधु साधु साधु म्हणायचे. ज्याचं खाल्लं त्याचं नाव चारचौघांत घ्यायचं, तेव्हाच ते अंगी लागतं, अशी गोजराबाईची शिकवण. नाव घ्यायचं राहिलं तर ती घरी येईपर्यंत बोलायची.

या सवयीनेच पुढचा सगळा घोटाळा झाला.

कादंबरीतली किमया चौदा वर्षांची आहे. नव्या इंग्रजी शाळेत जाते. तिच्या आडनावावरून काही कळत नाही आणि तिनेही कोणाला काही सांगितलेलं नाही. वाढदिवसाला चार मैत्रिणी घरी येणार असतात. त्या यायच्या आधी ती भिंतीवरचा बाबासाहेबांचा मढवलेला फोटो काढते, ओढणीत गुंडाळते आणि दिवाणाच्या खालच्या कप्प्यात ठेवते. भिंतीवर फोटोच्या जागी फिकट चौकोन उरतो. तो झाकायला ती कॅलेंडर लावते. केक कापला जातो, गाणी होतात. मैत्रिणी गेल्यावर बाप कामावरून येतो, भिंतीकडे बघतो आणि एक शब्दही न बोलता हातपाय धुवायला जातो.

बाप घरी येतो ते नम्रताने मनाने घातलं. बाकीचं सगळं तिची भाची संबोधी, घरातली बोधी, हिने तिला सांगितलेलं. बोधी म्हणजे नम्रताच्या धाकट्या बहिणीची, रुपालीची मुलगी. रुपाली आणि तिचा नवरा जयवंत यांनी महाळुंग्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तो मुलीच्या शाळेसाठीच. आठवीच्या मे महिन्यात बोधी मावशीकडे पौडला राहायला आली होती. एका दुपारी गवार मोडता मोडता तिने हे सांगितलं, आणि मग इतकी रडली की नम्रताने तिला मांडीवर घेतलं. आई-बाबा यायच्या आत तिने फोटो परत लावला होता. कोणालाच कळलं नव्हतं. "मावशी, तू सांगू नको हां."

नम्रताने कोणाला सांगितलं नाही. तिने लिहिलं.

आणि लिहिल्यावर तिला वाटलं, नाव न घेता कसं चालेल? म्हणून तिने पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलं: 'बोधीस, जिने मला ही गोष्ट दिली.' पुस्तक आलं तेव्हा बोधी हरखून गेली. तिने त्या पानाचा फोटो काढून वर्गातल्या सगळ्यांना पाठवला. माय मावशी रोट धिस फॉर मी. आतलं मात्र तिने वाचलं नव्हतं. तिची शाळा इंग्रजी. मराठी पुस्तक वाचायचं म्हणजे तिला बोट ठेवून वाचावं लागायचं. "वाचते मावशी, सुट्टीत वाचते," असं ती दर खेपेला म्हणायची. नम्रताला वाटलं वाचून झालं असेल, काही बोलत नाही म्हणजे आवडलं असेल. एकदा विचारायला काय झालं होतं? पण विचारलं नाही.

जुलैमध्ये महाळुंग्याच्याच एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये वाचन ठेवलं होतं. रविवार, सकाळचे अकरा. साठेक मुलं, मागे आया, एका टेबलावर सामोसे. बोधी तिसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी तिच्या वर्गातल्या चौघी. मावशी आपली आहे हे त्या रांगेला माहीत होतं आणि बोधीची मान त्या दिवशी जरा ताठच होती.

नम्रताने फोटोचं प्रकरण काढलं. सगळीकडे तेच मागायचे. तिने पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं. किमया स्टुलावर चढते तिथे ती नेहमी थांबायची, तशी थांबली. वाचताना तिची नजर कागदावर होती. तिसऱ्या रांगेत काय चाललंय ते तिने पाहिलं नाही. कॅलेंडर आलं, केक आला, बाप आला. शेवटचं वाक्य वाचून तिने पुस्तक मिटलं आणि टाळ्या थांबायची वाट पाहून ती म्हणाली,

"आणि ही गोष्ट मला जिने दिली ती आज इथेच बसली आहे. माझी भाची आहे. बोधी, उभी राहा ना बाळा."

बोधी उभी राहिली. काय करावं हे तिला सुचलं नाही म्हणून ती उभी राहिली. साठ मुलांनी तिच्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. आया कौतुकाने बघत होत्या. त्या चौघींपैकी दोघी एकमेकींकडे बघत होत्या, कारण दोन वर्षांपूर्वीच्या त्या वाढदिवसाला त्या होत्या. तो केक त्यांनी खाल्ला होता.

मग सह्या सुरू झाल्या. नम्रता सही त्या अर्पणाच्या पानावरच करायची, बोधीच्या नावाखाली, मुलाचं पूर्ण नाव विचारून. सातआठ सह्या झाल्यावर बोधीच्या वर्गातली एक मुलगी हातात पुस्तक न घेताच समोर आली. उझमा नाव, हे नम्रताला नंतर कळलं.

"मॅम, बोधी गेली."

"कुठे गेली?"

"माहीत नाही. पळत गेली. मॅम, ते खरं होतं का? तो फोटो?"

मागच्या मुलाने त्याचं पुस्तक नम्रताच्या हाताखाली सरकवलं. "मॅम, वेदांत. व्ही नाही, मराठीत." तिने वेदांत लिहिलं. आणखी बावीस सह्या केल्या. नंतर ती प्रदीपला म्हणाली, तेव्हाच उठायला पाहिजे होतं. प्रदीप म्हणाला, "व्हय. पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपाली लॅबवर आली. उपाशीपोटी आलेले पाच पेशंट बाकावर बसलेले होते. त्यांच्या देखतच ती म्हणाली,

"ताई, तुझ्याकडे माणसाने रक्त द्यावं. बोलू नये काही."

"रुपा, आत ये."

"आत काय? आता बाहेर यायचं काय राहिलंय? पोरगी खोलीतून बाहेर येत नाही. ग्रुपवर कोणीतरी कॅलेंडरचं चित्र टाकलंय. हसतायत. एकीच्या आईने विचारलं मला लिफ्टमध्ये, तुम्ही म्हणजे नक्की कोण? पाच वर्षं झाली आम्हाला त्या बिल्डिंगीत."

"मला वाटलं तिने वाचलंय."

"आणि मी? मला विचारलंस? तिच्या बापाला विचारलंस? बाप भिंतीकडे बघतो आणि काही बोलत नाही, असं लिहिलंस ना? मग बघ ये घरी. काल त्यांनी पुस्तक वाचलं. बोलत नाहीत. तू लिहिलंस तसंच करतायत."

बाकावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, माजा लंबर कवा?" नम्रताने त्याचा दंड बांधला, आणि शीर सापडेना. चौदा वर्षांत तिला दुसऱ्यांदा सुई घालावी लागायची वेळ क्वचित आली होती.

त्यानंतर बोधी महिनाभर शाळेत गेली. एकटी बसायची. सप्टेंबरमध्ये तेही बंद झालं. दहावीचं वर्ष. शाळेने दोनदा फोन केला, हजेरी भरली नाही तर बोर्डाचा फॉर्म अडेल म्हणून सांगितलं. नम्रता तीनदा महाळुंग्याला गेली. तिन्ही वेळा बोधीने आतून कडी लावली. जयवंत समोर बसून टीव्ही बघत होता. एका मोठ्या कंपनीच्या आवारात तो सुपरवायझर आहे. मुळात बोलका, गाणारा माणूस. "जयवंतराव," नम्रता म्हणाली, "माझं चुकलं." त्याने टीव्हीचा आवाज थोडा कमी केला, ऐकल्याची खूण म्हणून, आणि पुन्हा वाढवला.

भिंतीवर फोटो होता. त्याला ताजा हार होता. बोधी जेवायला यायची ती त्या भिंतीकडे पाठ करून बसायची, असं रुपालीने सांगितलं.

यातलं काहीही माणला, गोजराबाईपर्यंत पोचलं नव्हतं. गोजराबाई शेताच्या जागी बांधलेल्या चार खोल्या भाड्याने देऊन राहते. आयटीतली पोरं असतात, त्यांच्याशी ती मराठीत बोलते, ती हिंदीत बोलतात, दोघांचं चालतं. नातीला बरं नाही, अभ्यास लई हाय, एवढंच तिला माहीत. लेकीच्या पुस्तकाचं मात्र तिला फार होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते हातात द्यायची आणि म्हणायची, "म्या काय वाचलं न्हाई, पर जड हाय."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला विहार समितीचा रत्नदीप पौडला लॅबवर आला. तिशीचा, उत्साही. वर्षावासाच्या शेवटच्या रविवारी दुपारी नम्रताताईंनी स्वतःचं पुस्तक वाचावं असं समितीत ठरलं होतं.

"जयभीम ताई. तुमी हितंच वाचाय शिकल्या, आता तुमचंच वाचायचं. गोजराआजी तर आत्तापास्नं नाचतीया. नवी साडी आणलीय."

"येईन की. कुठलं वाचू?"

"कुठलं म्हंजे? फोटूचंच! आमची पोरं बी तसलीच झालीत ताई. त्या आयटीतल्या पोरांत मिसळायचं म्हणून काय काय लपवत्यात. त्यांना कळाय पायजे. लाज वाटाय पायजे."

नम्रता म्हणाली, बघते. तो गेल्यावर तिने टेबल पुसलं, मग पुन्हा पुसलं. लाज वाटावी म्हणून तिने ते लिहिलं नव्हतं.

रुपालीला हे कळायला एक दिवस लागला. तिने फोन केला. आवाज चढवला नाही, त्यामुळे नम्रताला जास्त भीती वाटली.

"आईसमोर वाचणार तू ते?"

"नाही वाचणार. दुसरं वाचेन. किमया धरणावर जाते ते वाचेन."

"बोधीला कळलंय. म्हणाली, मावशी वाचणार. म्हणाली, लोक मागणार आणि ती वाचणार, तिला आवडतं." मग रुपाली म्हणाली, "ताई, आजवर तू मला सांभाळलंस. माझं लग्न तू जमवलंस. पण त्या दिवशी तू ते वाचलंस, तर ती पोरगी परत शाळेत जाणार नाही, आणि मी परत तुझ्या दारात येणार नाही. एवढंच सांगायला फोन केला."

"नाही वाचणार म्हटलं ना."

"बघू."

रविवारी विहार भरला होता. नव्याने रंग दिलेला, पंखे नवीन, पुढे पांढऱ्या साड्यांच्या चार रांगा, मागे मुलं, दाराशी जुने लोक. गोजराबाई पहिल्या ओळीत. तिने साडीची घडी मोडलेली दिसत होती. वंदना झाली. रत्नदीप ओळख करून द्यायला उठला आणि त्याने पुस्तक उघडलं.

"आधी ताईंनी काय लिहिलंय ते ऐका. 'बोधीस, जिने मला ही गोष्ट दिली.' ही बोधी कोण? आपल्या गोजराआजीची नात, रुपालीताईची संबोधी! म्हंजे आपल्याच वस्तीची गोष्ट हाय ही. टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. नम्रताने आईकडे पाहिलं. गोजराबाई हसत होती. नातीचं नाव पुस्तकात आहे हे तिला आज कळलं होतं. शेजारच्या बाईला ती कोपराने ढोसत होती.

नम्रता उठली. धरणाचं पान तिने दुमडून ठेवलं होतं. "मी आज पाचवं प्रकरण वाचते," ती म्हणाली.

"ताई, फोटूचं," मागून कोणीतरी म्हणालं.

"ते मोठं आहे."

"असंना का. येळ हाय," रत्नदीप म्हणाला.

आणि मग गोजराबाई बोलली, तिथूनच, खाली बसल्या बसल्या, जशी ती पंचवीस वर्षांपूर्वी बोलायची. "वाच की गं त्येच. समद्या गावानं ऐकलं, मीच न्हाई ऐकलं. बोधीनं दिलीया नव्हं गोष्ट? मग तीच वाच."

नम्रता पुस्तक हातात धरून उभी राहिली. आईला नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं तर पहिल्या परिच्छेदाला गोजराबाईला कळणार होतं की फोटो कोणी काढला. तिच्यापाठोपाठ या चार रांगांना. बोधीला दुसऱ्यांदा उभं केल्यासारखंच ते.

तिने पुस्तक मिटलं.

"आई, ती गोष्ट बोधीची नाही," ती म्हणाली. "माझी आहे."

रत्नदीपला वाटलं हा वाचनाचाच भाग आहे. तो मान डोलावत बसला.

"लॅबचा कोर्स करायला मी पुण्याला हॉस्टेलवर राहत होते. खोलीत आम्ही तिघी होतो. जाताना घरून फोटो दिलेला. मी तो लावला नाही. पेटीत खाली ठेवला, कपड्यांच्या खाली. पेटी उघडली की वर टॉवेल टाकायचे, कोणाला दिसू नये म्हणून. त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मीच घाबरले होते. गोष्टीतली मुलगी दुसरी कोणी नाही. मी पुस्तकावर बोधीचं नाव घातलं, कारण माझं घालायची हिंमत नव्हती."

एका लहान मुलाने मागे काहीतरी पाडलं, त्याला आईने दटावलं.

"किती दिस?" गोजराबाईने विचारलं.

"दोन वर्षं."

"दोन वरीस," गोजराबाई म्हणाली. "तुज्या बापानं मढवून आणला व्हता त्यो. पौडास्नं. हातात धरून आणला, एसटीत, मांडीवर ठिवून." तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि समोरच्या मूर्तीकडे बघत राहिली. लेकीकडे बघितलं नाही.

रत्नदीप चटकन उठला. ताईंनी मोठ्या मनाने सांगितलं, यातून आपण शिकलं पाहिजे, वगैरे बोलला आणि खीर वाढायला सांगितली. पुस्तकं आणलेली पिशवी प्रदीपने उघडलीच नाही. दोन मुली सहीसाठी वह्या घेऊन जवळ आल्या होत्या, त्यांच्या आयांनी त्यांना मागे बोलावलं. वाईट बायका नव्हत्या त्या. काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, इतकंच.

घरी गेल्यावर गोजराबाईने नवी साडी सोडून वाळत घातली, ती ओली नव्हती तरी. मग दिराच्या लग्नातली जुनी नेसून ओट्यावर बसली. नम्रता उंबऱ्यात.

"येक इचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"रुपीच्या पोरीचं झाकाय बोल्लीस का खरंच केलं व्हतंस?"

आई इतकं ओळखेल असं नम्रताला वाटलं नव्हतं. "दोन्ही," ती म्हणाली.

गोजराबाईने बराच वेळ मान हलवली. "पोरीनं बी काडला म्हन. तू बी. मंग मी काय शिकिवलं?" नम्रता काही बोलायला गेली, तिने हात वर केला. "नगं. आज नगं बोलू. जा तू."

त्याच संध्याकाळी रुपालीचा फोन आला. विहारात झालेलं वाऱ्यासारखं महाळुंग्याला पोचलं होतं. "ये," एवढंच ती म्हणाली. नम्रता आणि प्रदीप परत जाताना वळून तिकडेच गेले. प्रदीप खाली थांबला.

बोधीने या वेळी दार उघडलं. बारीक झाली होती. केस न विंचरलेले. पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि मावशीला खुर्चीकडे बोट दाखवलं.

"खरंय का ते? हॉस्टेलचं?"

"खरंय."

"मी तुला सांगितलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

नम्रताने खूप उत्तरं तयार करून आणली होती. "तू रडत होतीस," ती म्हणाली.

"म्हणूनच सांगायचं ना! मला वाटलं जगात मी एकटीच आहे इतकी घाण." बोधीचा आवाज फाटला, तिने तो सावरला. "तू किती दिवस ठेवलास पेटीत?"

"दोन वर्षं."

"मी तीन तास. पाच ते आठ. आणि पुस्तक माझ्यावर. टाळ्या मला. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आणि आज परत सगळे म्हणणार, नम्रताताई किती ग्रेट, सगळं स्वतःवर घेतलं. म्हणजे तेपण तुझंच झालं."

"बोधी, मला दुसरं काही सुचलं नाही."

"माहितीये." तिने नखांकडे बघत विचारलं, "तू वाचलं नाहीस ना पण?"

"नाही."

"आज्जीने मागितलं तरी?"

"नाही वाचलं."

बोधीने मान हलवली. त्यात क्षमा होती असं कोणी म्हणणार नाही. ऐकलं, इतकंच. "परत कुठेच वाचायचं नाही. कोणी कितीही मागू दे. पुस्तक विक, मला काय. पण तोंडाने नाही वाचायचं. आणि माझ्या शाळेत येणारेस ना तू डिसेंबरमध्ये? गॅदरिंगला?"

"सांगितलंय त्यांना मी हो म्हणून."

"नाही सांग."

नम्रता एक क्षण थांबली. त्या शाळेत बाराशे मुलं होती. प्रकाशकाने त्यासाठी दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं होतं. तो क्षण फार मोठा नव्हता, पण बोधी तिच्याकडेच बघत होती, आणि तिला तो दिसला.

"सांगते," नम्रता म्हणाली.

"हं."

"तू जाशील ना शाळेत?"

"उझमा येणारे उद्या न्यायला. ती रोज मेसेज करते. म्हणते तू मला सांगितलं नाहीस याचा राग आहे, फोटोचा नाही. बघू. एक दिवस जाऊन बघणारे." मग, उशी मांडीवर ओढत, "मावशी, तू आता जा. आज्जीला आण पुढच्या रविवारी. मला तिला स्वतः सांगायचंय. तू वर यायचं नाही पण."

पुढच्या रविवारी नम्रता माणहून आईला घेऊन निघाली. आठवडाभर गोजराबाईने फोनवर तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं: औषध आण, भाडेकरूला पाणी सोडायला सांग. बिल्डिंगपाशी उतरल्यावर गोजराबाईने लिफ्टकडे पाहिलं. तिला लिफ्टची भीती वाटते, नेहमी ती लेकीचा दंड धरून आत जाते.

"पाचवा मजला," नम्रता म्हणाली. "पाचचं बटण दाबते मी, तू फक्त उभी राहा."

"म्या जिन्यानं जाती."

"आई, पाच मजले आहेत. गुडघा..."

"तू ऱ्हा हितंच. पोरीनं सांगितलंय नव्हं?"

ती कठड्याला धरून चढू लागली. प्रत्येक मजल्यावर थांबल्याचं खालून कळत होतं. मग वर कुठेतरी दार उघडल्याचा आवाज आला, रुपालीचा, जयवंतचा, तिसरा बोधीचा की आणखी कोणाचा ते नम्रताला ओळखता आलं नाही, आणि दार बंद झालं.

वॉचमनने तिला खुर्ची दिली. "मॅडम, ऊपर नहीं जाना?"

"नहीं," ती म्हणाली.

ती पार्किंगमध्ये बसून राहिली. एका मुलाने सायकल थांबवून तिच्याकडे निरखून पाहिलं, क्लबहाउसमध्ये पाहिलेली बाई हीच का, अशा नजरेने, आणि तो निघून गेला. तासभर झाला. सव्वा तास झाला. वरून कोणी हाक मारली नाही, आणि तिनेही फोन केला नाही.